‘हा तर आपल्या मालिकेतला’ म्हणणाऱ्यांच्या बाजूनं

गेल्या काही दिवसांत एक मजकूर मला तीन ठिकाणांहून आला. आधी माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, मग कॉलनीतल्या बायकांच्या ग्रुपवर आणि शेवटी घरातल्याच पुतण्याकडून. लिहिणाऱ्याचं नाव त्यावर नाही. सांगणं थोडक्यात असं. मालिका केली की नट संपतो, मोठ्या पडद्यावर त्याला जागा उरत नाही. घेतलंच कोणी तर हवालदार नाहीतर मोलकरीण. सिनेमात तो दिसताच प्रेक्षक ‘अरे, हा तर मालिकेतला’ म्हणतो आणि तिथंच त्याचा अभिनय फसतो, कारण खरा नट ओळखू येत नाही. शेवटचा वार आमच्यावर आहे. मराठवाड्यातल्या गावांमधून लोकांना नट आणि पात्र यातला फरकच कळत नाही, खलनायिका दिसली की शिव्या घालतात, आणि असल्या प्रेक्षकांपायी मालिकांचा दर्जा घसरला.

मी परभणीत राहते. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. रात्रीचं जेवण उरकलं की आम्ही दोघी टीव्हीसमोर बसतो, आणि मालिकेतला चेहरा दुसरीकडं कुठं दिसतो ते हुडकणं हा आमच्या घरातला वीस-पंचवीस वर्षांचा नाद आहे. त्यामुळं हा मजकूर मला लागला. एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

मालिका केली की नट संपतो म्हणे. ‘चार दिवस सासूचे’ मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत दहा वर्षांहून जास्त काळ चालू होती. त्यातल्या आशालता देशमुख म्हणजे रोहिणी हट्टंगडी. पुढं ‘होणार सून मी ह्या घरची’मध्ये त्या आईआजी झाल्या. त्याच बाईंनी १९८२च्या ‘गांधी’त कस्तुरबा केली आणि त्या कामासाठी त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या ‘अर्थ’मध्ये त्या घरकाम करणारी बाई होत्या. ‘सारांश’मध्ये तरणा मुलगा गमावलेली म्हातारी आई केली तेव्हा त्यांचं वय होतं तेहतीसच्या आसपास. ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभ बच्चनच्या आई झाल्या, आणि वयानं त्या त्यांच्याहून नऊएक वर्षांनी लहान. एवढं सगळं करून झाल्यावर त्या रोजच्या मालिकेकडं आल्या. इथं मालिकेनं नेमकं कोणाला संपवलं ते मजकूर लिहिणाऱ्यानं सांगावं. आत्यांनी ‘गांधी’ पाहिला तो ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाल्यानंतर. कस्तुरबा पडद्यावर आली आणि त्या म्हणाल्या, “ह्या तर आपल्या आशालताबाई. पण बघ, इथं चालन्यातला सगळा ताठा गेलाय.” सासूचा ताठा आणि कस्तुरबांची चाल यातला फरक त्यांना एका दृश्यात दिसला.

उलट्या दिशेनंही माणसं गेलीच आहेत. श्रेयस तळपदे दूरदर्शनच्या ‘दामिनी’त होता, २००५ साली ‘इकबाल’ झाला, हिंदीत रुळला आणि २०२१ला ‘माझी तुझी रेशीमगाठ’मधला यश होऊन मालिकेत परतला. सुबोध भावे तर दोन्हीकडं एकाच वेळी होता. २०१८च्या दिवाळीत ‘...आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’ थिएटरात लागला तेव्हा घरोघर ‘तुला पाहते रे’ सुरू होती. मालिकेनं नट अडकतो हे मात्र एका अर्थी खरं आहे. रोज भाग द्यायचा म्हणजे बारा-बारा तास चित्रीकरण, महिन्यातले बहुतेक दिवस बांधलेले, मग चांगला सिनेमा चालून आला तरी तारखा जुळत नाहीत. पण हा वेळापत्रकाचा जाच आहे. त्याला अंगातला अभिनय आटला असं म्हणणं हा त्या माणसांवर अन्याय आहे.

हवालदार आणि मोलकरणीच्या मुद्द्यावर मी निम्मी सहमत आहे. हिंदी सिनेमानं मराठी नटांना वर्षानुवर्षं खाकी वर्दी आणि नऊवारी यांच्यातच कोंबलं, ही सल मलाही आहे. पण दोष लिहिणाऱ्यांचा असताना ठपका नटावर का? जितेंद्र जोशीला ‘सेक्रेड गेम्स’ या वेब मालिकेत हवालदारच दिला होता ना? त्या हवालदार काटेकरचा जीव गेला ते पाहणाऱ्यांना आठवत असेल. आमच्या घरात त्या रात्री कोणी बोललं नाही. अमृता सुभाषला तर त्याच मालिकेच्या दुसऱ्या पर्वात गुप्तहेर खात्यातली अधिकारी मिळाली, आणि तिनं ती थंड डोक्याची बाई अशी उभी केली की ‘अवघाचि संसार’मधली आसावरी हीच, हे स्वतःला बजावून सांगावं लागलं.

आता तो मुद्दा, ज्यासाठी मी लिहायला बसले. ओळखू आला म्हणजे अभिनय फसला.

‘इकबाल’ टीव्हीवर पहिल्यांदा लागला तेव्हा आमच्या घरात काय झालं ते सांगते. इकबालची आई दिसली आणि आत्या म्हणाल्या, “दामिनी!” बाप दिसला तर तो यतीन कार्येकर. ‘मुन्नाभाई एमबीबीएस’मध्ये चाकांच्या खुर्चीत बसलेला, तोंडातून शब्द न काढणारा पेशंट हाच. पोरगा श्रेयस, तोही ‘दामिनी’तलाच. म्हणजे निम्मं कुटुंब ओळखीचं निघालं. मजकुराच्या हिशेबानं सिनेमा तिथंच संपायला हवा होता. पण आई नवऱ्याच्या नकळत पोराच्या क्रिकेटला पाठबळ देते, तिथं आत्यांनी पदर डोळ्याला लावला. दामिनी ही निर्भीड पत्रकार होती, भल्याभल्यांना प्रश्न विचारणारी. इथं तीच प्रतीक्षा लोणकर घरात आवाज न चढवणारी शेतकऱ्याची बायको होती. ती दामिनी आहे हे आत्यांना ठाऊक होतं म्हणून तर ती शांतता जास्त बोचली. चेहरा ओळखीचा असला की आपण दोन कामं शेजारी ठेवून बघतो, आणि काय बदललं ते तेव्हाच दिसतं. अनोळखी नटाच्या बाबतीत हे बघायची सोयच नसते. त्याचा स्वभावच तसा असेल असं वाटून जातं.

पुढं २००८ साली स्टार प्रवाहवर ‘राजा शिवछत्रपती’ सुरू झाली आणि औरंगजेब म्हणून पुन्हा यतीन कार्येकर समोर आले. मुका पेशंट, पोरानं शेतीच करावी म्हणून हटून बसलेला बाप आणि बादशहा. तिघांचा चेहरा एक, नजर मात्र तिघांची तीन. हे तिन्ही पाहिलेल्याला अभिनय म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

‘सीआयडी’चंही तेच. १९९८ला सुरू झालेली ती मालिका आमच्याकडच्या पोरांनी पाठ केली होती. दरवाजा तोडायला सांगणारे एसीपी प्रद्युम्न म्हणजे शिवाजी साटम १९९९च्या ‘वास्तव’मध्ये गुंड झालेल्या रघूचे वडील आहेत. सगळ्या शहराला जरब बसवणारा माणूस इथं स्वतःच्या पोरापुढं हतबल. शेजारी रीमा लागू, ज्यांना ‘तू तू मैं मैं’मधली सासू म्हणून लोक हसत हसत बघत होते, आणि शेवटी पोरावर पिस्तूल त्याच धरतात. इन्स्पेक्टर अभिजीत झालेला आदित्य श्रीवास्तव ‘ब्लॅक फ्रायडे’त बॉम्बस्फोटातला आरोपी आहे, पोलिसांपासून पळत गावोगाव फिरणारा. माझा पुतण्या तो बघताना म्हणाला होता, “काकू, अभिजीतला पकडायला कोण येणार आता?” हे तो गंमत म्हणून बोलला खरा, पण पुढचा अर्धा तास तो जागचा हलला नाही. हाच पुतण्या मला तो मजकूर पाठवतो, याचं मला वाईट वाटलं.

खरा नट ओळखू येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी एक विचार करावा. अमृता सुभाष ‘गल्ली बॉय’मध्ये रणवीर सिंगची आई आहे. वयात अंतर सहा वर्षांचं. ती ओळखू आलीच, पहिल्याच दृश्यात आली. कसब ओळखू आल्यानंतरचं आहे. नवरा दुसरी बायको घरात आणतो आणि ही उंबऱ्याशी उभी असते, तेव्हा आपल्याला आसावरी दिसत नाही. ओळखीचा पडदा प्रेक्षकाच्या डोळ्यावरून उतरवायचं काम तिला जास्तीचं करावं लागलं आणि तिनं ते केलं.

राहिला मराठवाड्याचा मुद्दा. नट आणि पात्र यातला फरक कळत नाही म्हणे, आम्हाला!

एकनाथ महाराज पैठणचे. त्यांच्या भारुडात एकच माणूस कधी जोशी होतो, कधी विंचू चावलेला, कधी नवऱ्याला कंटाळलेली बाई. समोर बसलेल्या गावाला तो आपल्याच गल्लीतला अमुक अमुक हे माहीत असतं, आणि तरी विंचवाच्या वेदनेला गाव हसतं, मग अभंगाच्या शेवटाला गंभीर होतं. बहुरूपी दारात पोलिसाच्या वेशात उभा राहायचा, तेव्हा माझी आजी त्याला दमदाटी करू द्यायची, उलट उत्तरं द्यायची आणि मग सुपात ज्वारी घेऊन यायची. तो पोलीस नाही हे तिला कळत नव्हतं का? सोंग चांगलं वठलं तर ज्वारी थोडी जास्त पडायची. पारखीशिवाय असं होत नाही.

लक्ष्मण देशपांडे औरंगाबादचे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग त्यांनी गावोगाव केला, एकट्यानं ५२ पात्रं. रंगभूषा बदलायची नाही, कपडे बदलायचे नाहीत, फक्त आवाज आणि अंगाची ठेवण. हा प्रयोग मराठवाड्याच्या बोलीत आणि मराठवाड्याच्या माणसांवर होता, आणि तो डोक्यावर घेतला तोही आधी इथल्याच लोकांनी. ५२ जण एका चेहऱ्यात वेगवेगळे ओळखणाऱ्या प्रेक्षकाला दोन मालिकांतला एक नट वेगळा कळणार नाही? त्यांच्या पश्चात तो प्रयोग बीड जिल्ह्यातल्या संदीप पाठकनं पुढं चालवला, आणि तो मालिका, सिनेमा, नाटक तिन्हीकडं आहे.

‘जय मल्हार’ सुरू असताना आत्या खंडोबाला हात जोडायच्या, हे मी लपवत नाही. नांदेडकडं माळेगावची जत्रा, धाराशिवकडं अणदूर-नळदुर्ग, खंडोबा हा आमच्याकडच्या असंख्य घरांचा कुळस्वामी. हात देवाला जोडलेले असतात. जागरणात वाघ्या कथा सांगताना आपण भंडारा उधळतो, तो काय वाघ्यावर? २०२०मध्ये ‘तान्हाजी’ आला आणि मालिकेत खंडोबा झालेला देवदत्त नागे तान्हाजीचा भाऊ सूर्याजी मालुसरे म्हणून दिसला, तेव्हा आत्यांनी हात जोडले नाहीत. एवढंच म्हणाल्या, “आता ह्यो भाऊ झालाय. भावासारखा उभा ऱ्हायलाय.” त्याच सिनेमात चुलत्या नावाच्या भूमिकेत कैलास वाघमारे आहे, आपल्या जालना जिल्ह्यातला. राजकुमार तांगडे यांनी लिहिलेल्या आणि नंदू माधव यांनी बसवलेल्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकातून तो पुढं आला. ते नाटक जालन्याकडच्या शेतकरी-कष्टकरी घरांतल्या पोरांनी उभं केलं. मजकुरातल्या ‘गावाकडच्या अडाणी प्रेक्षकां’ची ही मुलं आहेत.

खलनायकाला शिव्या घालतो, हेही खरं. ‘लागिरं झालं जी’मधल्या भैय्यासाहेबाला आमच्या कॉलनीत रोज शिव्या पडायच्या. नंतर ते काम करणारा किरण गायकवाड ‘देवमाणूस’मध्ये डॉक्टर म्हणून आला, गोड बोलणारा, हात जोडणारा. त्याच बायका म्हणाल्या, “ह्याचं गोड बोलनं बघून जास्तच भ्या वाटायलंय.” शिवी ही त्या कामाला दिलेली पावती आहे. जाहिरातीत किंवा मुलाखतीत तो दिसला तर याच बायका पोरगं गुणी आहे म्हणतात. भारनियमनाच्या वर्षांत लाईट गेली की भाग बुडायचा आणि दुसऱ्या दिवशी ज्यांच्याकडं लाईट होती त्यांनी तो इतरांना सांगायचा. नुसती गोष्ट सांगून कोणाचं समाधान व्हायचं नाही. कशी म्हणाली, कुठं थांबली, मान कशी वळवली, सगळं करून दाखवावं लागे. अशी बारकाईनं बघायची सवय या भागातल्या बायकांच्या अंगी मुरली आहे. मालिकांचा दर्जा घसरला असेल तर तो ओढूनताणून भाग वाढवणाऱ्यांना विचारा. आमच्या डोळ्यांना त्यात ओढू नका.

मजकुरातली एक ओळ राहिली. हे लोक फक्त चेहरा लक्षात ठेवतात, अशी. ‘रेशीमगाठ’ सुरू होती त्या दिवसांतली गोष्ट. आत्या आत भाकरी थापत होत्या, टीव्हीकडं पाठ. बाहेर पोरांनी ‘पुष्पा’ हिंदीतून लावलेला. पडद्यावर अल्लू अर्जुन, दाढी वाढवलेला, खांदा तिरका, आमच्या कुठल्याही मालिकेत कधी न आलेला माणूस. आत्या आतूनच ओरडल्या, “ह्यो आपला यश बोलायलाय का रं?” पुतण्या म्हणाला, आत्याआजी, हा तेलुगू सिनेमा आहे, यात यश कुठून येणार. मग त्यानं फोनवर शोधलं. पुष्पाचा हिंदी आवाज श्रेयस तळपदेचा होता.