काका, राइट रडर!

पंचवीस वर्षं शहरात मोटार चालवलेल्या माणसाला सेसना 152 या दोन आसनी शिकाऊ विमानाच्या डाव्या खुर्चीत बसवलं की पहिल्या पाच मिनिटांत काय होणार हे ठरलेलं असतं. विमान टॅक्सीवेवरून, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावरून, सरकतंय, वळण येतं आणि काका समोरचा योक, म्हणजे स्टिअरिंगसारखा दिसणारा दांडा, करकचून डावीकडे पिळतात. विमान सरळच जातं. जाणारच, कारण योकचा चाकांशी काडीचा संबंध नाही. तो पंखांवरचे एलरॉन, म्हणजे विमान कलवणाऱ्या झडपा, हलवतो. जमिनीवर वळायचं ते पायांनी, रडरच्या पेडलांनी. रडर म्हणजे शेपटीवरचं सुकाणू. डावं पेडल दाबलं की पुढचं चाक डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे. ब्रेक त्याच पेडलांच्या माथ्यावर, चवड्यांनी दाबायचे, आणि दोन चाकांचे दोन वेगळे. घाबरून एकच पाय आवळला तर विमान थांबत नाही, फुगडी घालतं. म्हणून टाचा फरशीला टेकलेल्या, उजवा हात थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर, आणि वारा पडलेला असेल तर डावा हात सरळ मांडीखाली घालून बसावं. त्या हाताला पंचवीस वर्षांची सवय आहे, त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

उतारवयात कमर्शियल पायलट व्हायला निघालेल्या आम्हा मंडळींची अडचण आकाशाची नसतेच. अडचण असते ती आधीपासून येत असलेल्या गोष्टींची.

आधी कागदपत्रं. परवान्यासाठी किमान वय 18. शिकायला वरची मर्यादा नाही, पण पासष्टी गाठली की एअरलाइनच्या कॉकपिटमधून उतरावं लागतं. पंचेचाळिसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याने हा हिशेब घरात मोठ्याने करू नये. घरी जेआरडी टाटांचा दाखलाही देऊ नये. त्यांनी 1982 साली, वयाच्या 78व्या वर्षी, कराची ते मुंबई उड्डाण केलं हे खरं, पण परवाना त्यांनी 1929मध्येच, चोविसाव्या वर्षी काढून ठेवला होता, आणि हे घरात कुणाला तरी ठाऊक असतंच. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागत आलंय. कॉमर्सवाल्यांनी ते दोन विषय मुक्त विद्यालयातून काढायचे. त्यामुळे काही घरांत बाप-लेक एकदमच बारावीला असतात आणि बापाला शिकवणी जास्त लागते. खर्च सगळा धरून पन्नासेक लाख. त्याला परवान्यासाठी लागणाऱ्या उड्डाणाच्या दोनशे तासांनी भागलं की मिनिटाला चारशे रुपयांच्या वर पडतात, आणि मीटर चाक हललं की नाही हे न बघता इंजिनाबरोबरच सुरू होतं. धावपट्टी मोकळी होण्याची वाट बघत उभं राहिलं तरी पैसे पडतातच.

मेडिकल आधी क्लास टू, मग क्लास वन. ईसीजी, कानांची तपासणी, रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखणं, हे सगळं निभतं. अडतं ते चाळिशीपाशी. म्हणजे वयाच्या नव्हे, नाकावरच्या. कॉकपिटमध्ये नजरेला तीन अंतरं लागतात: मांडीवरचा नकाशा, हातभर लांबचं पॅनेल आणि काचेबाहेरचं क्षितिज. नुसता वाचायचा, पूर्ण काचेचा चष्मा इथे चालत नाही, कारण त्यातून नकाशा स्वच्छ आणि समोरून येणारं विमान धुकट दिसतं. वरून बघता येईल असा अर्धा, बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह हवा. शिवाय जादा जोड जवळ हवा. दोन्ही चष्मे डोक्यावर ठेवून तिसरा शोधणारे विद्यार्थी आमच्यातच सापडतात.

लेखी पेपर पाच: नेव्हिगेशन, हवामान, नियम, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येकात 70 टक्के. पाठांतराला पोरांना आठवडा लागतो, आपल्याला महिना.

वजनाचा तक्ता मात्र कुणालाच चुकत नाही. सेसना 152ला जास्तीत जास्त 757 किलोपर्यंत उडायची मुभा. रिकामं विमान उपकरणांसकट 515-520च्या घरात. दोन्ही टाक्या भरल्या की पेट्रोल 70 किलो. उरले 170, दोन माणसांत मिळून. पंचविशीचा इन्स्ट्रक्टर सत्तर किलोचा असला तरी विद्यार्थी शंभरच्या वर असेल तर इंधन कमी भरायचं, आणि कमी इंधन म्हणजे कमी वेळ. म्हणजे गणेशोत्सवातले मोदक थेट क्रॉस कंट्रीच्या, म्हणजे लांबच्या उड्डाणाच्या, अंतरातून वजा होतात. तक्त्यात आपलं दहा वर्षांपूर्वीचं वजन लिहिण्याचा मोह होतो, पण विमान तक्ता वाचत नाही. शिवाय उतरताना योक पोटापर्यंत ओढायचा असतो. तो जिथे थांबतो तिथे पोट आधीच हजर असेल तर नाक पुरेसं उचलत नाही. पोट कमी होईपर्यंत खुर्ची एक खाच मागे घ्यावी आणि पाय रडरवर पूर्ण पोचतात ना, ते बघून घ्यावं.

152 बनवणं 1985मध्ये थांबलं. त्यामुळे विमान आणि विद्यार्थी जवळपास एका वयाचे असतात आणि दोघांनाही सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो. तपासणी निवांत करावी. प्रत्येक पंखाखालून थोडं पेट्रोल पारदर्शक नळीत काढायचं, इंजिनाच्या गाळणीतूनही. विमानाचं हे 100 एलएल पेट्रोल निळसर असतं. पाणी जड, म्हणून ते तळाशी बिनरंगी थेंब होऊन बसतं. टाकी रात्रभर अर्धी ठेवली की आतल्या हवेतलं बाष्प गार होऊन पाणी होतं. थेंब दिसला तर पुन्हा काढायचं, दिसेनासा होईपर्यंत. आणि नळी पूर्ण निळी दिसते ना, हे बघावं; नुसतं पाणीच भरलं असेल तरी थेंब वेगळा दिसत नाही. ऑइल चार क्वार्टच्या (एक क्वार्ट म्हणजे जवळपास लिटर) खाली असेल तर उड्डाण नाही.

डाव्या पंखाच्या कडेला एक भोक असतं. तो स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटत आल्याचा, भोंगा, बाजाच्या पेटीतल्या पत्तीसारखा, हवा ओढली की वाजणारा. तो तपासायचा म्हणजे भोकावर स्वच्छ रुमाल धरून तोंडाने हवा ओढायची. लांबून बघणाऱ्याला एक गृहस्थ विमानाचा मुका घेताना दिसतात. त्याच पंखाखालच्या पिटो नळीत मात्र तोंडाने फुंकायचं नाही. वेग दाखवणारं नाजूक यंत्र कामातून जातं. नळीवर टोपी घालायची विसरली की कुंभारीण माशी दोन दिवसांत तिथे घर बांधते, आणि धावपट्टीवर विमान पळत असताना काटा शून्यावर बसून राहतो. पळताना काटा हलला नाही तर तिथेच थांबायचं.

रेडिओही तसाच. पंचवीस वर्षं फोनवर ‘हां, बोला’ म्हटलेला माणूस बटण आधी दाबतो आणि विचार नंतर करतो. तेवढ्या वेळात टॉवरला आणि हवेतल्या चार विमानांना त्याचा ‘अंऽऽ’ ऐकू जातो. क्रम सोपा आहे: कुणाला, आपण कोण, कुठे आहोत, काय हवंय. आणि बटण सोडायचं. न सोडता ‘हा टॉवरवाला काय बोलतो कळत नाही’ म्हणाल तर टॉवरवाल्याला तुमचं अगदी स्वच्छ कळतं.

आता थ्रॉटल पूर्ण पुढे. पुढचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, वैमानिकाच्या बाजूने बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतो. त्याच्या झोताचा पीळ शेपटीला बाजूने ढकलतो आणि नाक डावीकडे पळतं. उजवा पाय द्यायचा. मोटारीत उजवा पाय म्हणजे ॲक्सिलरेटर, म्हणून काका तो हलका ठेवतात आणि विमान गवताकडे निघतं. मग शेजारचा पोरगा, ज्याला आपण ‘सर’ म्हणतो, आपल्याला म्हणतो, ‘काका, राइट रडर.’ वर चढतानाही तेच, कारण नाक वर असताना पंख्याचं उजवीकडे खाली येणारं पातं जास्त ओढतं.

मे महिन्यात नागपुरात शिकत असाल तर आणखी एक. तिथली धावपट्टी हजारेक फुटांवर. त्या उंचीला तक्त्यातलं प्रमाण तापमान 13 अंश, बाहेर 40. दर जादा अंशाला 120 फूट धरले की हवा सव्वाचार हजार फुटांवरच्या इतकी विरळ. म्हणजे विमान नागपुरात उभं राहून स्वतःला पाचगणीत समजतं, घाम मात्र आपल्याला नागपूरचाच. धाव लांबते, चढ मंदावतो. उड्डाण सकाळी सहाला उरकावं.

उतरताना सगळ्यात जुनी खोड निघते. धावपट्टीआधीच खाली येतोय असं वाटलं की हात नाक वर ओढतो. वेग कमी होतो, विमान आणखी बसतं, हात आणखी ओढतो, मग भोंगा वाजू लागतो. वेग नाकाने सांभाळायचा आणि उंची थ्रॉटलने. खाली जात असाल तर पॉवर द्यायची. फ्लॅप (पंखांमागच्या खाली येणाऱ्या झडपा) 30 अंश, वेग साठेक नॉट, आणि नजर चाकांखालच्या डांबरावर नाही तर धावपट्टीच्या लांबच्या टोकावर. जवळ बघितलं की जमीन अंगावर आल्यासारखी वाटते, दचकून योक ओढला जातो आणि विमान दहा फुटांवर तरंगत राहतं. तिथून आपटतं, उसळतं. दुसऱ्या उसळीची वाट न बघता पूर्ण थ्रॉटल, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा खटका) आत, फ्लॅप 20 वर, आणि हो, राइट रडर. पण सरांनी सांगितलं नाही आणि विमान तीनदा टेकून आपणहून थांबलं, तर लॉगबुकात लँडिंगच्या रकान्यात एकच लिहायचं.