दाजींचा मेसेज आणि सराफ कट्ट्यावरचे कारागीर

गेल्या आठवड्यात भावकीच्या ग्रुपवर मेसेज पडला: 'सांगलीच्या सराफ कट्ट्यावरचे बंगाली कारागीर म्हणजे सगळे बांगलादेशी घुसखोर. आधार कार्डं नकली. आपला कायदा लेचापेचा. कोर्टकचेरी नको, उचला आणि सीमेपलीकडे सोडा.' पाठवणारे आमचे दाजी. विट्याजवळच्या आळसंदचे गलाईवाले, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणारे; पंचवीस वर्षं दुकान तमिळनाडूत, सेलमला. खाली 'लाइक'च्या अंगठ्यांची रांग लागली, म्हणून हे लिहितोय.

बंगाली पश्चिम बंगालात बोलतात, त्रिपुरात बोलतात, आसामच्या बराक खोऱ्यातही बोलतात. देशभर दागिने घडवणारे पुष्कळ कारागीर पश्चिम मेदिनीपूरच्या घाटाल-दासपूर भागातले. विटा-आटपाडीचा माणूस जसा गलाईसाठी बाहेर पडतो, तसेच ते. बोलीवरून माणसाचं गाव ठरवायचं, तर जत तालुक्याचा मोठा भाग कर्नाटकात टाकावा लागेल.

आधारबद्दल दाजी अर्धे बरोबर आहेत. आधार कायद्याच्या कलम 9 मध्येच लिहिलंय की तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. वर्षात 182 दिवस इथे राहिलेल्या परदेशी माणसालाही तो मिळू शकतो. पण मग माझ्या आणि दाजींच्या आधारनेही काही सिद्ध होत नाही. खरी पडताळणी होते ती मूळ गावच्या कागदांवर. मंगळसूत्र सांधायला टाकलं होतं तेव्हा कट्ट्यावरच्या कारागिराने गादीखालून प्लास्टिकची पिशवी काढून दाखवली. बापाचं मतदान ओळखपत्र, शाळेचा दाखला, घडीवर फाटलेला जमिनीचा कागद. सगळं बंगालीत. "पोलीस आया तो पढ़ेगा कौन?" म्हणाला. आपला सातबारा तरी सेलमच्या हवालदाराला कुठे वाचता येणार आहे!

कायदा लेचापेचा, हे तर साफ चूक. 1 सप्टेंबर 2025 पासून नवा आप्रवास आणि परदेशी नागरिक कायदा लागू आहे. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय घुसणाऱ्याला 5 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड. नकली पासपोर्ट वापरला तर 2 ते 7 वर्षं. शिवाय 'मी परदेशी नाही' हे सिद्ध करायचं ओझं त्या माणसावरच, आणि ते 1946 च्या कायद्यापासून आहे. एवढं ओझं ज्याच्या डोक्यावर, त्याला गावाकडून कागद मागवायला चार दिवस, एक दुभाषी आणि एक वकील मिळाला तर सीमा ढिली होत नाही.

आता 'कोर्टकचेरी नको'. घटनेचं कलम 21 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणतं. जून 2025 मध्ये मीरा रोडला पकडलेल्या मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला बांगलादेशात ढकललं आणि मग तो भारतीयच निघाला म्हणून परत आणावं लागलं. दिल्लीत पकडलेली बीरभूमची एक गरोदर बाई अशीच पलीकडे गेली. कलकत्ता उच्च न्यायालयाने सप्टेंबरात तिला परत आणायला सांगितलं, ती आली डिसेंबरात. म्हणजे कोर्ट टाळून वेळ वाचला नाहीच.

घुसखोरी नाहीच, असं मी म्हणत नाही. 4,096 किलोमीटरची सीमा, त्यात नद्या-नाले, कुंपण अजून अपुरं. पैसे घेऊन माणसं आत आणणारे आणि दाखले बनवून देणारे दलाल आहेत. त्यांची मुंडी पिरगाळायला माझी ना नाही. कट्ट्यावरच्या माडीत फुंकणी धरून बसलेला माणूस उचलून ते दलाल सापडत नाहीत, एवढंच.

गलाईवाल्यांना हे मी सांगायला नको. जुन्या दंडसंहितेचं 411, चोरीचा माल घेतल्याचं कलम, आमच्याकडे पोरांनाही पाठ असतं. परराज्यात चोराने दुकानाकडे बोट दाखवलं की पोलीस दारात. आमच्या मामांना असंच एका गावात दोन रात्री बसवून ठेवलं होतं. पावत्या होत्या, भाषा नव्हती. तेव्हा विट्याहून गाडी भरून माणसं गेली, आणि ठाण्याच्या दारात सगळ्यात मोठ्याने "आधी चौकशी करा, मग हात लावा" म्हणणारे दाजीच होते.

मेसेज काढू नका, दाजी. फक्त एवढं सांगा, सेलमला उद्या कुणी जन्माचा दाखला मागितला तर काय दाखवाल? तुमचा दाखला ताईच्या ट्रंकेत आहे, आळसंदला.