‘मक्याच्या शेतातलं कॉलेज’: एका पालकांना उत्तर

नमस्कार,

‘एक पालक’ या नावाने तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाटलं, हे मीच ओढवून घेतलंय. अमेरिकेतल्या कार्लटन कॉलेजातल्या माझ्या चार वर्षांवरचा तो लेख मी जुने फोटो बघता बघता लिहिला होता, आणि फोटोत थंडी वाजत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगते. मी सहलीचं वर्णन केलंय, शिक्षणाचं नाही. मक्याच्या शेतात चार वर्षं राहायचं आणि बिल मात्र ताजमहाल हॉटेलचं. आपल्याकडे ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशा कॉलेजची पदवी घेऊन मुलीने करायचं काय? आणि अशी छोटी कॉलेजं तिकडे धडाधड बंद पडतायत, ते मी लपवलं. शेवटच्या ओळीत कळलं की तुमची लेक बारावीत आहे आणि माझा लेख वाचून तिने हट्ट धरलाय. तिथे माझा राग संपला.

बंद पडण्याचं आधी. लपवलं नव्हतं, सुचलं नव्हतं. पण तुमचं म्हणणं खरं आहे. आयोवातलं आयोवा वेस्लियन 1842 पासून चालू होतं, ते 2023 मध्ये बंद झालं. इलिनॉयमधलं लिंकन कॉलेज 1865 चं, त्याला 2022 मध्ये कुलूप लागलं. मुलं कमी झाली, गाठीला ठेव नव्हती आणि सगळा संसार फीवर चाललेला. कार्लटनची ठेव एक अब्ज डॉलरच्या वर आहे, म्हणून ते निवांत आहे. तेव्हा लेकीच्या यादीत जी कॉलेजं असतील त्यांची ठेव किती, हे पहिल्यांदा बघा. माहितीपत्रकातली लाल पानांची झाडं सगळ्यांकडे सारखीच असतात.

पैशांचं म्हणाल तर वर्षाचा छापील आकडा 80 हजार डॉलरच्या वर आहे, आणि माझ्या वेळचा आकडा बघूनच माझ्या बाबांनी चष्मा काढून पुसला होता. पण तो सगळ्यांना भरावा लागत नाही. प्रवेश दिला की घरची ऐपत बघून उरलेली गरज कॉलेज भागवतं. खोच अशी की परदेशी अर्जदाराला प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवताना, त्याला मदत किती लागणार हेही बघितलं जातं. म्हणजे आत शिरणंच अवघड. शिवाय स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला फार तर 20 तास काम करता येतं, तेही कॉलेजच्या आवारात. मी लायब्ररीच्या काउंटरवर बसायचे. त्यातून फोन आणि साबण निघायचा, फी नाही.

नावाबद्दल वाद घालत नाही. आमच्या सोसायटीत अजूनही मी ‘ती कॅलिफोर्नियाला होती ना’ आहे. पण ताजमहालाच्या बिलावरून आठवलं: लोकांना दिसावं म्हणून केलेल्या खर्चाला ज्याने अर्थशास्त्रात नाव मिळवून दिलं, तो थॉर्स्टीन व्हेब्लेन 1880 मध्ये याच कॉलेजातून बाहेर पडला. तासाभराच्या अंतरावर, सेंट पॉलमधल्या मॅकॅलेस्टरमधून 1961 मध्ये कोफी अन्नान, पुढे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झाले ते. छोट्या कॉलेजांना तिकडे कुणी छोटं समजत नाही, एवढंच.

आता सहलीचं. गावाचं नाव नॉर्थफील्ड, मिनेसोटा. वस्ती वीसेक हजार. प्रवासी रेल्वे नाही, मेट्रोचा प्रश्नच नाही, आणि विद्यार्थ्यांना गाडी ठेवायला सहसा परवानगी नाही. गावाचं ब्रीदच मुळी ‘गायी, कॉलेजं आणि समाधान’. नदीच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला टेकडीवर सेंट ओलाफ हे नॉर्वेजियन लोकांनी काढलेलं कॉलेज, आणि वारा त्या बाजूने असला की नाश्त्याच्या सिरियलच्या कारखान्याचा गोड, भाजका वास. ‘तिथे काहीच घडत नाही’ असं तुम्ही लिहिलंत. 7 सप्टेंबर 1876 ला जेसी जेम्सच्या टोळीने तिथली बँक लुटायचा प्रयत्न केला, तिजोरी उघडायला नकार देणारा हंगामी कॅशिअर जोसेफ हेवूड मारला गेला, आणि गावकऱ्यांनी टोळीची दाणादाण उडवली. हा हेवूड आमच्या कॉलेजचा खजिनदारही होता. त्यानंतर मोठं काही घडलं नाही, हे मात्र मान्य. गाव अजून दर सप्टेंबरला त्याचीच जत्रा भरवतं.

मी जे लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही ते असं, की तिथे लपता येत नाही.

पुण्यात अकरावी-बारावीला आमच्या वर्गात शंभरावर मुलं होती. मी शेवटून तिसऱ्या बाकावर दोन वर्षं सुखाने काढली. कार्लटनमध्ये पहिल्या सत्रात एका वर्गात आम्ही चौदा जण, गोल बसलेलो. गोलाला शेवटचा बाक नसतो. वाचून आला नाहीत तर ते पाचव्या मिनिटाला कळतं, आणि रागावत कुणी नाही, त्याने जास्त लाज वाटते. सत्र दहा आठवड्यांचं. तिसऱ्या आठवड्यात पहिला निबंध, पाचव्यात मिडटर्म, आणि आता कुठे विषय कळतोय असं वाटेपर्यंत परीक्षा. एक आठवडा आजारी पडलात तर दहावा भाग गेला. परीक्षेच्या आदल्या रात्री दहा वाजता सगळं कॉलेज खिडक्या उघडून किंचाळतं. लेखात मी ते गंमत म्हणून लिहिलं होतं. गंमत नव्हती हो ती, निदान पहिल्या वर्षी तरी.

आणि हे फक्त वर्गापुरतं नाही. जवळजवळ सगळी दोन हजार मुलं आवारातच राहतात. ज्याच्याशी भांडलात तो दुपारी जेवणाच्या रांगेत तुमच्या मागे उभा असतो. जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली जातो, नाकातले केस गोठतात, साडेचारला अंधार पडायला लागतो, आणि जायला दुसरी जागा नसते. पहिल्या हिवाळ्यात मी दोन आठवडे कुणाशी धड बोलले नाही. शेजारच्या खोलीतली मुलगी रोज संध्याकाळी दार वाजवून ‘जेवायला चल’ म्हणायची. मला तेव्हा तिचा वैताग यायचा. मोठ्या विद्यापीठात मला कुणी शोधलं नसतं. ते बरं की वाईट, हे तेव्हाचं मन एक सांगेल आणि आजचं दुसरं.

एक प्रसंग सांगते, तो लेखात टाळला होता. दुसऱ्या वर्षी एका वर्गात जातिव्यवस्थेवर चर्चा निघाली, आणि तेरा चेहरे माझ्याकडे वळले. मी सदाशिव पेठेत वाढलेली. म्हणाले, ‘आता शहरांत तसं काही राहिलेलं नाही.’ प्राध्यापकांनी शांतपणे विचारलं, ‘हे तुला कुणी सांगितलं?’ मला उत्तर देता येईना, कारण कुणीच सांगितलं नव्हतं. मला कधी विचारावं लागलं नव्हतं. त्याच रात्री लायब्ररीत एलिनॉर झेलियट यांचे आंबेडकरी चळवळीवरचे निबंध काढले. झेलियटबाई आयोवात जन्मलेल्या, क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या संस्कारातल्या. 1969 मध्ये महार चळवळीवर डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षापासून 1997 पर्यंत कार्लटनमध्येच इतिहास शिकवला. मी गेले तेव्हा त्या निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात काय झालं, ही तारीख मला शाळेत पाठ होती. त्यामागे किती पिढ्यांची खटपट होती, हे मी बर्फात, मक्याच्या शेताशेजारी बसून पहिल्यांदा वाचलं. पुढच्या तासाला जाऊन ‘मी परवा चुकीचं बोलले’ म्हणावं लागलं. शेवटून तिसऱ्या बाकावर असते तर यातून सुटले असते. हे शिक्षण की सहल, ते तुम्ही ठरवा.

याची दुसरी बाजूही आहे. चौदांतली एकटी भारतीय असलं की निवडणुकीपासून गायीपर्यंत सगळ्याचा जबाब तुम्हीच द्यायचा. याचा शीण येतो, आणि तो तुमच्या लेकीलाही येईल.

पण मिडवेस्टच्या, म्हणजे अमेरिकेच्या या मधल्या पट्ट्यातल्या, कॉलेजांचा मिळून पुण्यात एक अभ्यासक्रम कित्येक वर्षं चालायचा. तिकडची मुलं इथल्या घरांत राहायची, मराठी शिकायची. तसा जाऊन आलेला एक मुलगा आमच्या इमारतीत होता. मिनेसोटाचा, सहा फूट दोन इंच. जिन्यात भेटला की विचारायचा, ‘जेवलीस का?’ उच्चार भयंकर, पण दुसरं कुणी विचारत नव्हतं. त्याला साबुदाण्याची खिचडी हवी होती आणि मला ती करायला चूल. तिथून आम्ही डेसी मोझेसच्या घरी पोचलो.

‘बिस्किटं भाजायला लेकीला सातासमुद्रापार पाठवू का?’ असं तुम्ही ज्यावरून लिहिलंत ते हेच घर. डेसी मोझेस अनेक वर्षं कॉलेजात काम करणाऱ्या बाई. त्यांच्या घरी मुलं केव्हाही यायची. 1981 मध्ये त्या गेल्या तेव्हा घर तसंच मुलांसाठी ठेवून गेल्या. आजही कुणीही, कितीही वाजता जावं. पीठ, लोणी, साखर भरलेली असते. बिस्किटं भाजावीत, खावीत, थोडी पुढच्यासाठी ठेवावीत. आमची खिचडी चिकट झाली. रात्री एक वाजता निबंध अर्धा टाकून आलेल्या दोन अनोळखी मुलींनी ती चाटूनपुसून खाल्ली आणि ‘हा कुठला पास्ता?’ म्हणून विचारलं.

शेवटचं, तुमच्या लेकीबद्दल. ती वर्गात हात वर करते का, हे मला माहीत नाही; तुम्हाला असेल. करत नसेल आणि करायचीही नसेल, तर मिनियापोलिसचं सरकारी विद्यापीठ पन्नास हजारांवर मुलांचं आहे, उत्तम आहे, आणि तिथे शेवटचे बाक भरपूर आहेत. करत नसेल पण करायची असेल, तर तिला मला ईमेल करायला सांगा. तुम्ही नको, तिने. आणि गेलीच, तर थंडीचा कोट लक्ष्मी रोडवरून घेऊन देऊ नका. माझा तिथल्या नोव्हेंबरातच उसवला. त्या जागी बॅगेत दोन किलो थालीपिठाची भाजणी बसते.