पहिला चावा माफ नसतो

बडोद्यात दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत आपल्या मराठी ग्रुपांवर गेला आठवडाभर एक मेसेज फिरतोय. ‘पाळीव कुत्रा चावला तरी मालकावर केस होत नाही. जुनं कलम २८९ रद्द झालं. पहिला चावा कायद्याने माफ असतो. दारावर पाटी लावली की जबाबदारी संपली. कुत्र्याला लस दिलेली असेल तर चावलेल्या माणसाला इंजेक्शन लागत नाही. सोसायटीला कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही.’ खाली ‘जनहितार्थ’ असं लिहिलेलं.

रविवारी सकाळी माझी ७१ वर्षांची मावशी दूध आणायला जिना उतरत होती, तेव्हा खालच्या मजल्यावरचा कुत्रा तिच्या पिंढरीला चावला. गळ्यात पट्टा होता, पण दोरी कुणाच्या हातात नव्हती. संध्याकाळी मालकाने तिला हाच मेसेज पाठवला. विचारपूस नाही, माफी नाही, फक्त मेसेज आणि सोबत कुत्र्याच्या लसीच्या कार्डाचा फोटो. मावशीने तो वाचला, जखमेत हळद भरली आणि दोन दिवस गप्प बसली. मंगळवारी मी गेलो तेव्हा मला कळलं.

म्हणून आधी इंजेक्शनचं, कारण बाकीच्या थापांनी पैसे जातील, या थापेने माणूस जाईल. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की त्यावर उपाय नाही, रोगी जवळजवळ नक्की दगावतो. चावा बसला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागतं. कुत्र्याला लस दिली होती एवढ्यावर हे थांबवायचं नसतं. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची ती उपचार सुरू करून. तसाही तो कार्डाचा फोटो मी मोठा करून पाहिला. शेवटचा शिक्का मागच्या वर्षीच्या मार्चमधला, पुढच्या डोसची चौकट कोरी. वर्ष उलटून गेलेलं कार्ड दाखवून एका म्हाताऱ्या बाईला दवाखान्यात जाण्यापासून रोखलं, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

आता कायदा. कलम २८९ गेलं हे खरं, कारण अख्खी भारतीय दंड संहिताच १ जुलै २०२४ ला गेली. त्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तेच कलम तिच्यात २९१ क्रमांकावर बसलंय. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापतीचा संभव असताना जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने पुरेशी खबरदारी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुना दंड हजार रुपये होता, म्हणजे कायदा उलट कडक झाला. हा दखलपात्र गुन्हा आहे. ‘कोर्टाचा आदेश आणा, मग बघू’ असं पोलिसांना म्हणता येत नाही. निष्काळजीपणाने दुखापत झाली तर कलम १२५ आहे, जीव गेला तर १०६. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा.

‘पहिला चावा माफ’ हे जुन्या इंग्लिश कायद्यातून अर्धवट उचललेलं आहे. कुत्रा अंगावर येणारा आहे हे मालकाला ठाऊक होतं का, असा प्रश्न तिथे येत असे. आपल्या कलमात ‘निष्काळजीपणाने’ हा शब्द स्पष्ट आहे. जिन्यात कुत्रा मोकळा सोडला, तर आधी किती जणांना चावला हे मोजत बसायची गरज नाही.

पाटीबद्दल एवढंच, की पाटी घराच्या दारावर असते आणि मावशी जिन्यात होती.

सोसायटीचं मात्र मान्य करावं लागेल. पाळीव जनावर ठेवू नका असा सरसकट ठराव करता येत नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना तसंच सांगतात. चावलेल्याने दगड मारला होता, कुत्र्याला छेडलं होतं, हेही कोर्ट बघतं. पण कुत्रा ठेवायचा हक्क आहे म्हणून त्याला जिन्यात मोकळा सोडायचा हक्क मिळत नाही. आणि मावशी घाबरून कठड्याला चिकटली, याला छेडणं म्हणत नाहीत.

‘केस होत नाही’ म्हणणाऱ्यांनी फार लांब जाऊ नये, आपल्या अहमदाबादेत बघावं. मे २०२५ मध्ये हाथीजणला पाळलेला रॉटवायलर हातातून सुटला आणि चार महिन्यांची मुलगी गेली. मालकाला अटक झाली.

ज्यांना कुणाला चावा बसेल त्यांनी जखमेचे फोटो, दवाखान्याचे कागद आणि पाहिलेल्यांची नावं जपून ठेवा, आणि तक्रार लेखी द्या. मावशीची आम्ही दिली आहे. मंगळवारी पहिलं इंजेक्शन झालं, आज शुक्रवारी दुसरं, तिसरं येत्या मंगळवारी. तोवर कुत्रा खातोय-पितोय का, ठीक आहे का, हे मालकाने रोज कळवायचं असं ठरलं होतं. आज चौथा दिवस. त्याने एकदाही कळवलेलं नाही.