‘अमेरिकेत केजी फुकट’? आधी राज्य कोणतं ते सांगा

अमेरिकेला निघालेल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो : ‘तिथे सरकारी शाळेत केजीपासून बारावीपर्यंत सगळं मोफत. केजीसुद्धा पूर्ण दिवसाची. पैसा केंद्र सरकार देतं, तसा कायदाच आहे.’ पहिली ते बारावीचं ठीक आहे. केजीबद्दल (तिथे केजी म्हणजे पहिलीच्या आधीचं एक वर्ष) मात्र हे असं सरसकट सांगणं चूक.

‘पैसा केंद्र सरकार देतं.’ छे! शालेय शिक्षण तिथे राज्यांच्या अखत्यारीत. केंद्राचा वाटा एरवी १० टक्क्यांच्या आसपास. बाकीचा भार राज्य आणि स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था, उचलतात, आणि डिस्ट्रिक्टची मुख्य कमाई म्हणजे मालमत्ता कर.

‘पूर्ण दिवस मोफत.’ खरी गोम इथे आहे. राज्य डिस्ट्रिक्टला पैसे देतं ते पटसंख्येवर, आणि केजीचं मूल कित्येक राज्यांच्या हिशेबात अख्खं धरलंच जात नसे. मिनेसोटात ते ०.६१२ होतं, कोलोराडोत ०.५८. म्हणजे कोलोराडोत वर्गात २० मुलं असली तरी राज्याकडून पैसे यायचे ११.६ मुलांचे. शिक्षिकेला पगार मात्र पूर्ण दिवसाचा द्यायचा! मग डिस्ट्रिक्टने एक तर पदरमोड करायची, नाहीतर उरलेल्या अर्ध्या दिवसाची फी पालकांकडून घ्यायची, महिन्याला काहीशे डॉलर. सरकारी शाळेत, बरं का. ज्यांना ती झेपायची नाही त्यांचं पोर अर्ध्या दिवसाने घरी, आणि आईबाप कामावर.

मिनेसोटाने २०१४ मध्ये हा आकडा १ केला. कोलोराडोत २०१९ मध्ये गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनी तसा कायदा आणला. हे पैसे घेणाऱ्या डिस्ट्रिक्टला आता तिथे फी लावता येत नाही. तरीही पूर्ण दिवसाची केजी चालवलीच पाहिजे, अशी सक्ती त्या कायद्यात नाही.

‘कायदाच आहे.’ कायदा ज्या त्या राज्याचा. वॉशिंग्टन राज्य २०१६-१७ पासून सगळ्या सरकारी शाळांना पूर्ण दिवसाच्या केजीचे पैसे देतं, पण मुलाला शाळेत घालण्याची सक्ती तिथे आठव्या वर्षापासून.

शिवाय मिळालेलं टिकतंच असंही नाही. ॲरिझोनाने पूर्ण दिवसाच्या केजीला पैसे द्यायला सुरुवात केली आणि मंदीत तिजोरी आटल्यावर २०१० मध्ये ते बंद केले. मूल पुन्हा अर्धं! त्यानंतर पूर्ण दिवस चालू ठेवायचा तर भार डिस्ट्रिक्टवर. मग काही ठिकाणी जादा कराचा प्रस्ताव मतदानाला टाकतात. लोकांनी तो पाडला की बजेटला कात्री.

‘आमच्या भाच्याला तर एक डॉलर पडला नाही,’ असं कुणी म्हणेलच. पडला नसेल; त्याच्या राज्याचं सूत्र तसं असेल. तुम्ही घर बघताना शाळेचं रेटिंग बघताच, तर डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला एक फोनही करा : केजी पूर्ण दिवसाची आहे का, आणि फी किती?