१९२६ च्या 'मार्स'विषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

इंग्रज संगीतकार गुस्टाव्ह होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स' या ग्रहांवरच्या वाद्यवृंद-रचनेच्या पाच ध्वनिमुद्रणांची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावर आपण एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. या रचनेचा पहिला भाग 'मार्स' (मंगळ, युद्ध आणणारा) होल्स्टने १९२६ साली स्वतः मुद्रित केला तेव्हा वेगात घेतला आणि ती लय त्याने स्वतः निवडलेली होती, असे मी लेखात म्हटले होते. लेख इतक्या बारकाईने वाचणारे थोडेच असतात, आणि मतभेदाचे मला वावडे नाही. मात्र आपल्या लिहिण्यातला सूर मला बोचला, हे लपवून ठेवत नाही. जे वाक्य सर्वांत बोचले ते इथे जसेच्या तसे देते, म्हणजे इतर वाचकांना संदर्भ कळेल: "लेखिकेने हे संगीत कधी वाद्यवृंदाच्या जवळ उभे राहून ऐकलेले दिसत नाही, १९२६ च्या तबकडीतला 'मार्स' वेगवान आहे तो तबकडीवर जागा नव्हती म्हणून, आणि एवढे साधे तंत्र ज्यांना ठाऊक नाही त्यांनी तुलनेच्या भानगडीत पडू नये."

आपली एक दुरुस्ती मात्र मला पूर्णपणे मान्य आहे. या कृतीचा पहिला जाहीर प्रयोग १९१८ साली झाला असे मी लिहिले होते, ते चूक आहे. २९ सप्टेंबर १९१८ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये वाद्यवृंद-संचालक एड्रियन बोल्ट यांनी जो प्रयोग केला तो निमंत्रितांसाठी होता. बाल्फर गार्डिनर या मित्राने होल्स्टला दिलेली ती भेट होती. संपूर्ण कृती जाहीरपणे सादर झाली ती नोव्हेंबर १९२० मध्ये, ॲल्बर्ट कोट्स यांच्या संचालनाखाली. लेखात तसा बदल केला आहे. ही चूक एका शब्दाची होती आणि तिच्यावर लेखातला एकही निष्कर्ष उभा नव्हता, पण चूक ती चूकच.

आता तबकडीवरच्या जागेविषयी. हे 'साधे तंत्र' मला ठाऊक नाही असे आपण गृहीत धरलेत, म्हणून जरा खोलात जाऊन लिहिते. त्या काळच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर चार ते साडेचार मिनिटांचे संगीत मावत असे. होल्स्टने लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा घेऊन १९२६ साली मुद्रित केलेला 'मार्स' सहा मिनिटांहून थोडा जास्त आहे. याचा अर्थ तो एका बाजूवर मावलाच नसता; त्याला दोन बाजू लागणारच होत्या. आणि दोन बाजू घेतल्यावर आठ मिनिटांची जागा हाताशी असते. बोल्ट यांचा १९७८ चा 'मार्स', जो आपल्याला आदर्श वाटतो, तोही आठ मिनिटांच्या आसपासच आहे. म्हणजे होल्स्टला बोल्ट यांच्याइतक्या सावकाश जायचे असते तर त्याच दोन बाजूंवर त्याला जाता आले असते. दीड-पावणेदोन मिनिटांची जागा मोकळी असताना कोणी जागेपायी घाई केली असे म्हणणे मला पटत नाही.

हे आकडे पुरेसे वाटत नसतील तर त्याच संचातला 'व्हीनस' (शुक्र, शांतता आणणारा) हा भाग ऐकावा. तो सात मिनिटांहून जास्त आहे, आणि बोल्ट यांच्या १९७८ च्या 'व्हीनस'च्या जवळपास तेवढाच आहे. तंत्रज्ञ तेच, कंपनी तीच, तबकडीचा आकारही तोच. शांततेच्या देवतेला सात मिनिटे सहज मिळाली आणि युद्धाच्या देवतेला जागेअभावी पळावे लागले, हे कसे? लय होल्स्टने ठरवली होती, असे मी म्हणते ते यामुळे. मूळ स्वरलिपीत 'मार्स'वर 'अलेग्रो', म्हणजे जलद, असे लिहिलेले आहे. पुढच्या अनेक दशकांत या तुकड्याला जो जडपणा आला, एखादे अवजड यंत्र रुळावरून फरपटत न्यावे तसा, त्याला त्या शब्दात आधार सापडत नाही.

आणि तबकडीचा प्रश्न मिटल्यानंतरचे काय? विल्यम स्टाइनबर्ग यांचे बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबरचे ध्वनिमुद्रण १९७० चे आहे, म्हणजे लाँग प्ले या जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्यांच्या काळातले. त्यांना चार मिनिटांची कसलीही मर्यादा नव्हती. तरी त्यांचा 'मार्स' साडेसहा मिनिटांच्या आसपास संपतो आणि ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. माझ्या लेखात स्टाइनबर्गवर एक पूर्ण परिच्छेद आहे. आपल्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख एकदाही नाही.

बोल्ट यांच्याबद्दल माझ्या मनात आदर नाही असा आपला ग्रह झालेला दिसतो. या कृतीला लोकांसमोर प्रथम प्रकाशात आणल्याबद्दल होल्स्टने बोल्ट यांच्या प्रतीवर स्वहस्ते कृतज्ञता लिहून ठेवली, हे आपण मला ऐकवलेत. ते मला माहीत आहे. पण त्याच होल्स्टने पहिल्या प्रयोगानंतर बोल्ट यांना पत्रही लिहिले होते. 'मार्स' फार सुस्पष्ट झाला असे कौतुक करून त्यात पुढे सुचवले आहे की आता आणखी गोंगाट करता येईल का, काही भाग जरा घाईने घेता येतील का, आणि एकूण ते अधिक अप्रिय, कितीतरी अधिक भीतिदायक वाटले पाहिजे. कृतज्ञता खरी आणि अपेक्षाही खरी. आपण पहिली उचललीत आणि दुसरी सोडून दिलीत. वयाच्या ८९ व्या वर्षी बोल्ट यांनी केलेले ते ध्वनिमुद्रण भव्य आहे, त्यातल्या पितळी वाद्यांचा भरणा अजोड आहे, हे मी लेखात लिहिलेच होते. पण ते भीतिदायक नाही. त्यातले युद्ध दुरून, टेकडीवर उभे राहून पाहिलेले आहे.

राहिला मुद्दा वाद्यवृंदाच्या जवळ उभे राहण्याचा. स्वतःविषयी लिहायला मला संकोच वाटतो, पण आपण तसा प्रसंग आणलात म्हणून लिहिते. मी तेरा वर्षे इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका गावात राहत होते आणि त्यांतली नऊ वर्षे तिथल्या हौशी वृंदगान मंडळात गात होते. 'नेपच्यून'च्या अखेरीस जो अदृश्य स्त्रीवृंद गातो, त्यात मी गायले आहे. हा वृंद श्रोत्यांना दिसता कामा नये, शेजारच्या खोलीत असावा, तिचे दार अगदी शेवटी हळूहळू, आवाज न करता लोटावे आणि शेवटचा बार (मात्रांचा एक गट) स्वर दूर विरून जाईपर्यंत पुन्हा पुन्हा गावा, अशी होल्स्टची सूचना आहे. आम्ही रंगमंचामागच्या अरुंद मार्गिकेत दोन रांगांत उभ्या होतो. संचालकांचे हात दिसावेत म्हणून एका खुर्चीवर त्यांचे थेट चित्र दाखवणारा छोटा पडदा ठेवला होता. दाराशी एक वयस्क गृहस्थ कडी वाजू नये म्हणून मूठ फिरवून धरून उभे होते; मूठ धरून त्यांच्या बोटांची पेरे पांढरी पडली होती, ते मला आजही दिसते.

'नेपच्यून' सर्वांत शेवटी येतो, पण दार उघडे होते आणि मी सुरुवातीपासून त्याच्या अगदी आत, चौकटीला लागून उभी होते, म्हणून सगळा 'मार्स' मी तिथून ऐकला. तालमीला ऐकला आणि प्रयोगालाही ऐकला. त्याच्या सुरुवातीला तंतुवाद्ये गजाच्या केसांनी वाजत नाहीत, गज उलटा करून त्याच्या लाकडाने तारांवर आघात करतात. चांगल्या गजाचे नुकसान होऊ नये म्हणून पुष्कळ वादक यासाठी जुना गज आणतात. माझ्या समोर बसलेल्या बाईंनीही आपला नेहमीचा गज पेटीत ठेवून एक टवके उडालेला गज हातात घेतला होता. पाच मात्रांची ती घडण अशी: पहिल्या मात्रेत तीन आघात, दुसरी आणि तिसरी एकेका आघाताची, चौथीत दोन, पाचवीवर एक. तालमीत संचालक सावकाश घेत होते आणि तेव्हा हे सारे आघात सुटे, मोजून घेण्याजोगे ऐकू येत. कान पुढच्या आघाताची वाट पाहू शकत होता, आणि वाट पाहता येते तेव्हा भीती कमी होते. प्रयोगाच्या रात्री त्यांनी लय चढवली. तेच लाकूड, त्याच तारा, पण आता मात्रा मोजता येईनात. दाराच्या चौकटीवर टेकवलेल्या माझ्या हाताला सलग कंप जाणवत होता आणि पाचवी मात्रा संपते कुठे व पहिली सुरू होते कुठे हे कळत नव्हते. पुढे काही वर्षांनी १९२६ चे ध्वनिमुद्रण प्रथम ऐकले तेव्हा मला तीच रात्र आठवली. एका मायक्रोफोनच्या धूसर आवाजातूनही तो कंप पोहोचतो.

तेव्हा 'जवळ उभे राहून ऐकलेले दिसत नाही' हे वाक्य आपण कशाच्या आधारावर लिहिलेत ते मला समजलेले नाही. मला आपण ओळखत नाही, मीही आपल्याला ओळखत नाही. अशा वेळी लेखातल्या विधानांवर लिहावे, लेखिकेच्या कानांवर लिहू नये, एवढी साधी अपेक्षा आहे.

आपले इतर मुद्दे थोडक्यात घेते. १९२६ च्या संचातला 'सॅटर्न' (शनी) हा भागही बोल्ट यांच्यापेक्षा मिनिटभराहून लवकर संपतो आणि तिथे वेगाचे समर्थन करता येत नाही, असे आपण म्हणता. तो वेगळा विषय आहे. माझे विधान 'मार्स'पुरते होते. जुन्या तबकड्यांच्या नव्या प्रतींमध्ये फिरण्याचा वेग चुकला तर लयही बदलते, हा आक्षेप तत्त्वतः बरोबर असला तरी त्याने दीड मिनिटाचा फरक पडत नाही. संचालक हर्बर्ट फॉन कारायान यांच्या १९६१ च्या व्हिएन्नातल्या ध्वनिमुद्रणाला मी चारच ओळी दिल्या, कारण त्याच्यावर इतरांनी भरपूर लिहिले आहे. झुबिन मेहता यांचे १९७१ चे लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे ध्वनिमुद्रण मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवले ते मेहता मुंबईत जन्मले म्हणून, हा आरोप मला अशोभनीय वाटतो. त्यातला 'मार्स' ऐकून मगच तो करावा. होल्स्ट ऋग्वेदातल्या सूक्तांसाठी संस्कृत शिकला हा उल्लेख 'मराठी वाचकांना खूश करण्यासाठी' घातला असेही आपण लिहिलेत. तो खरोखरच शिकला, सूक्तांची भाषांतरे त्याने स्वतः केली आणि 'सावित्री' नावाची एकांकी ऑपेराही रचली. जे घडले ते लिहिणे म्हणजे खूश करणे होत नाही.

आपण शेवटी विचारले आहे की या पाचांपैकी एकच विकत घ्यायचे तर नव्या श्रोत्याने कोणते घ्यावे. स्टाइनबर्गचे घ्यावे: आवाज स्वच्छ आहे आणि लय होल्स्टच्या जवळची आहे. १९२६ चे त्यानंतर ऐकावे, 'मार्स' आणि 'व्हीनस' एका बैठकीत, मध्ये न थांबता. लेखातला क्रम मी बदललेला नाही.