बारा फोटो आणि एक ‘नाइस’

एकच फोटो टाकणाऱ्याचं बरं असतं. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची काठी टिपायची, आमच्या फोटोग्राफी ग्रुपवर टाकायची, की दोन मिनिटांत बदामांचा सडा. पण एकमेकांत गुंतलेले बारा फोटो टाकून ‘मालिका कशी वाटली, मोकळेपणानं सांगा’ म्हणालात, की अख्ख्या ग्रुपला घरची कामं आठवतात.

माझी मालिका सोलापुरी चादरीवर. शहराच्या पूर्व भागातला यंत्रमागाचा कारखाना, रंगवलेलं सूत, ताणा म्हणजे उभे धागे, सुताच्या कांड्या, आडवा धागा घेऊन पळणारा धोटा. वर जकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं. कुठला धागा उचलायचा ते ही भोकं ठरवतात, म्हणून चादरीवर मोर उमटतो. पहिल्या फोटोत लाल जमिनीवर पांढरा मोर आणि बाराव्यात तीच चादर उलटी, म्हणजे पांढऱ्यावर लाल. ही माझी ठेवणीतली गंमत. ती कुणाच्या लक्षात येते का, म्हणून जीव टांगणीला लावून बसलो.

व्हॉट्सॲपनं तिथंच घोळ केला. बारा फोटो एकदम पाठवले की ते चारच चौकोन दाखवतं आणि चौथ्यावर काळपट पडदा ओढून उरलेल्यांचा आकडा टाकतं. त्या पडद्याआड माझा मोर उलटा झालेला होता. पडदा उचलायची तसदी घेतो कोण?

पहिला अभिप्राय आला, “नाइस.” कुठला फोटो नाइस, विचारलं तर अंगठा आला. दुसऱ्यानं तीन नंबरची क्षितिजरेषा वाकडी असल्याचं कळवलं. बंद खोलीत क्षितिज! तिसरा म्हणाला, “ब्लॅक अँड व्हाइट कर, खोली येईल.” चादरीची मालिका, आणि रंग काढ! एका मित्रानं तर सरळ विचारलं, “काय बे, एवढे फोटो कशाला? एकच पाठव की भारी!”

सगळ्यात लांबलचक अभिप्राय पाचव्या फोटोवर होता. धोटा अस्पष्ट आलाय, शटरचा वेग वाढवायला हवा होता. आता त्या कारखान्यात जुन्या चोकच्या ट्यूबलाइट. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटरचा वेग फार वाढवला की फोटोवर आडवे पट्टे येतात. म्हणून मी मुद्दाम शटर १/५० सेकंदावर ठेवलं होतं, शिवाय धोटा पळताना दिसायलाच हवा होता. हे सगळं सविस्तर लिहिलं. उत्तर आलं, “लेन्स कुठली?”

शेवटी वैतागून तेच फोटो पुण्याच्या मावशीला पाठवले. तिला फोटोग्राफीतलं ओ की ठो कळत नाही. तासाभरानं फोन.

“अरे, पहिली नि शेवटची चादर एकच ना? उलटसुलट?”

मी खुर्चीतून उठलोच. “मावशी, तुला कसं कळलं?”

“न कळायला काय झालं? मोराची मान इकडची तिकडं गेलीय. चाळीस वर्षं सोलापुरी चादरी वापरतेय मी. बरं, मधले फोटोही छान आहेत हो, सूत कसं पुढं सरकत जातं ते कळतं. पण पांढरी बाजू लगेच मळणार. मळखाऊ रंगात आहे का? डबल बेडची. आणि भाव नीट विचार, फोटो काढायला गेला होतास म्हणून जास्त लावतील.”